बी कुठल्या उंचीवरचे, किती झाडांचे?

डोंगरावर स्थानिक झाडेच लावावीत, हे आता कोणाला वेगळे पटवून द्यावे लागत नाही. निलगिरी आणि गिरिपुष्पाच्या सरसकट लागवडीनंतर आपण निदान एवढे शिकलो, की हिरडा, बेहडा, ऐन, किंजळ, जांभूळ, कुंभा अशी यादी हातात घेऊन रोपवाटिकेत जावे. पण चौकशी या यादीपाशी येऊन थांबते. झाडाचे नाव जुळले की आपले समाधान होते. ते रोप ज्या बीपासून झाले ते बी कोणत्या डोंगरावरचे, किती उंचीवरचे आणि किती झाडांवरून गोळा केलेले, हे सहसा ना विकणारा सांगत ना घेणारा विचारत. या लेखाचे म्हणणे असे, की हे प्रश्न जातीच्या निवडीइतकेच मोलाचे आहेत. जांभूळ कोकणच्या किनाऱ्याजवळही वाढते आणि महाबळेश्वरच्या पठारावरही, परंतु या दोन ठिकाणची जांभळे आतून एकसारखी असतील असे गृहीत धरून चालत नाही. गावाची वनसमिती असो, डोंगरउतारावर जमीन घेतलेला शेतकरी असो की पावसाळी वृक्षारोपण करणारे मंडळ असो, रोपे मागवण्याआधी बियांची चौकशी कशी करावी आणि स्वतः बी गोळा करायचे ठरवले तर ते कसे करावे, याचा हा विचार आहे.

उंचीनुसार झाडांचे वाण बदलते ही काही नवी कल्पना नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियात अडॉल्फ चिसलार याने आणि त्यानंतर स्वित्झर्लंडमध्ये आर्नोल्ड एंगलर याने आल्प्स पर्वतातल्या स्प्रूसचे बी वेगवेगळ्या उंचीवरून आणून एकाच जागी पेरले. माती एक, पाऊस एक, थंडी एक. तरीही वरच्या उंचीवरच्या झाडांची रोपे खालच्यांपेक्षा सावकाश वाढली आणि बुटकी राहिली. डोंगरमाथ्यावरचे झाड खुजे का, याचे सोपे उत्तर ‘तिथे थंडी आणि वारा असतो म्हणून’ असे आहे. या प्रयोगाने दाखवले, की ते उत्तर अर्धेच आहे. खुजेपणाचा काही भाग हवेतून येतो आणि काही बीमधूनच येतो. कारण उघड आहे. एक झाड आयुष्यभरात हजारो बिया टाकते आणि त्यांतली मोजकीच झाडे होऊन फळतात. जिथे थंडी लवकर पडते तिथे शरदात उशिरापर्यंत वाढत राहणारे रोप दरवर्षी मार खाते आणि वाढ लवकर आवरणारे टिकते. ही चाळणी पिढ्यान्‌पिढ्या चालली, की वरच्या वस्तीत सावध वाढणारी जनुके साठत जातात आणि खालच्या वस्तीत भराभर वाढणारी.

याचा व्यवहारात उपयोग करणारे लोकही आहेत. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात डग्लस फरच्या लागवडीसाठी बियांचे विभाग १९६० च्या दशकातच आखले गेले आणि प्रत्येक विभागात उंचीचे पाचशे-पाचशे फुटांचे पट्टे पाडले गेले. पाचशे फूट म्हणजे साधारण दीडशे मीटर. हजार मीटर चढले की तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते हा सरासरी हिशेब धरला, तर एका पट्ट्यात जेमतेम एका अंशाचा फरक पडतो. एवढ्या बारीक भेदाने काय होणार, असे वाटू शकते. पण १९७९ मध्ये रॉबर्ट कॅम्पबेल याने त्याच राज्यातल्या एका पाणलोट क्षेत्रापुरता अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्या एका खोऱ्याच्या आतच उंचीगणिक रोपांची वाढ व कळ्या फुटण्याची वेळ बदलते, असे त्यात दिसले. मुद्दा शेकडो मैलांचा नव्हता, एकाच खोऱ्याच्या खालच्या आणि वरच्या अंगाचा होता.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की झाड लवचीक असते, जिथे लावाल तिथल्या हवेशी ते जुळवून घेते. यात तथ्य आहे, पण ते किती, हे हवाई बेटांवरच्या ओहिया या झाडाने चांगले दाखवले आहे. हे झाड समुद्रकाठापासून सुमारे अडीच हजार मीटरपर्यंत उगवते. खाली त्याची पाने गुळगुळीत असतात, वर लहान आणि लवदार. निरनिराळ्या उंचीवरची रोपे एकत्र वाढवून १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की पानाचा आकार आणि लव हे गुण नव्या जागीही कायम राहिले, तर पानाच्या अंतर्गत रचनेतले आणि श्वसन-प्रकाशसंश्लेषणाच्या कामातले बरेच फरक पुसले गेले. म्हणजे लवचीकपणा खरा आहे आणि जन्मजात फरकही खरा आहे. कोणत्या गुणात कोणाचा वाटा मोठा, हे रोपाकडे पाहून ओळखता येत नाही. म्हणून लवचीकपणावर सगळा भरवसा टाकणे हा जुगार ठरतो, आणि तो जुगार आपण अशा झाडावर खेळतो ज्याचा निकाल कळायला वीस-तीस वर्षे लागतात. पहिल्या तीन पावसाळ्यांत रोप जगले एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. सलग दोन अवर्षणे किंवा एखादे चक्रीवादळ येईपर्यंत चुकीचे बीही बरोबरच दिसते.

दुसरा आक्षेप अधिक शास्त्रीय आहे, म्हणून त्याला जास्त जागा द्यायला हवी. वनवृक्षांचा पराग दूरवर जातो, बिया पक्षी, वटवाघळे, उदमांजरे नेतात. त्यामुळे जनुके सतत मिसळत राहतात, मग उंचीनुसार वेगळेपण टिकणार कसे? जनुकीय खुणा तपासणारे अभ्यास वरकरणी या आक्षेपाच्या बाजूचे आहेत. वृक्षजातींमध्ये एकूण वैविध्याचा फार मोठा भाग, बहुधा नऊ-दशांशाच्या आसपास, प्रत्येक वस्तीच्या आतच सापडतो आणि वस्ती-वस्तींमधला फरक थोडा असतो. पण या खुणा बहुतेक वेळा तटस्थ असतात, झाडाच्या जगण्या-मरण्याशी त्यांचा संबंध नसतो. फ्रान्सच्या पिरेनीज पर्वतातल्या ओकची गोष्ट इथे बोलकी आहे. तिथल्या वरच्या आणि खालच्या ओकमध्ये तटस्थ खुणांचा फरक अगदी कमी, पण एकाच बागेत लावल्यावर वरच्या वस्तीची रोपे खालच्यांपेक्षा उशिरा पालवतात, कारण वर उशिरापर्यंत पडणाऱ्या हिमाने कोवळी पालवी जळते. देवाणघेवाण चालू असूनही निवडीचा रेटा एवढा जोरदार असतो, की नेमक्या कामाच्या गुणांत फरक उभा राहतो. शिवाय खालची झाडे आधी फुलतात आणि वरची नंतर, त्यामुळे परागाची ये-जा आपसूकच थोडी अडते. आता गंमत अशी, की त्याच पर्वतातल्या बीच या झाडाचे वागणे उलटे आहे, त्याच्या वरच्या वस्तीची रोपे एकाच बागेत आधी पालवतात. म्हणजे उंचीनुसार फरक असतो हे पक्के, पण तो कोणत्या दिशेचा असेल हे जातीगणिक ठरते. एका झाडावरून दुसऱ्याचा नियम काढू नये. जिथला तिथे, या साध्या तत्त्वाला बळ मिळते ते यामुळेच, कारण फरकाची दिशा माहीत नसतानाही ते तत्त्व पाळता येते.

मग वैविध्य सर्वांत जास्त कुठे असते, हा पुढचा स्वाभाविक प्रश्न. २००८ मध्ये ओहसावा आणि इदे या जपानी संशोधकांनी जगभरच्या पर्वतांवरील अभ्यास एकत्र मांडले. त्यांत वस्तीच्या आतले वैविध्य मधल्या उंचीवर सर्वाधिक असल्याचे पुष्कळदा दिसते. नेहमीच नाही, काही जातींत ते वर जास्त, काहींत खाली जास्त, तर काहींत उंचीने काहीच फरक पडत नाही. मधली उंची पुढे का, हे समजण्यासारखे आहे. तिथे त्या जातीला हवा मानवते, झाडे दाट असतात आणि वरून-खालून दोन्हीकडून पराग येतो. कडेच्या वस्त्या मात्र लहान, तुटक आणि आपापसांत नात्यात अडकलेल्या असतात. यातून कोणी असा अर्थ काढला, की मधल्या उतारावरून भरपूर बी आणून सगळ्या डोंगरावर पेरावे, तर ते चूक होईल. माथ्यावरच्या वस्तीत वैविध्य कमी असले तरी जे आहे ते तिथल्या वाऱ्या-उन्हाच्या परीक्षेत उतरलेले आहे. मधला पट्टा मधल्या पट्ट्यासाठी उत्तम. माथ्यासाठी माथ्याचेच बी हवे, आणि त्याचे वैविध्य कमी असण्याची शक्यता असल्याने ते जास्त झाडांवरून गोळा करायला हवे.

सह्याद्रीत हा विचार आणताना एक दुरुस्ती करावी लागते, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. आल्प्समध्ये उंची म्हणजे मुख्यतः थंडी. आपल्याकडे झाड उंची ‘वाचते’ ते पाऊस, धुके, वारा आणि मातीची खोली यांतून. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरवरच्या वाईला हजारापेक्षाही कमी. समुद्रसपाटीपासून सातशे मीटर ही उंची आंबोलीच्या आसपासही आहे आणि वाईच्या पठारी भागातही, पण एकीकडचे झाड पावसाळ्यात चार महिने भिजते आणि दुसरीकडचे वर्षातले आठ महिने तहानलेले असते. म्हणून नुसता उंचीचा आकडा जुळवणे फसवे आहे. आधी बाजू जुळवावी: कोकणउतार, घाटमाथा की पूर्वेचा उतार. मग त्या बाजूच्या आत उंची जुळवावी. माथ्यावर आणखी एक भेद करावा, सड्याच्या उघड्या कातळावरचे झाड आणि राईच्या आत खोल मातीत उभे असलेले झाड. महाबळेश्वरच्या सदाहरित जंगलात अंजनी, जांभूळ आणि पिसा ही झाडे मुख्य आहेत. तिथल्या उघड्या माथ्यावर जांभूळ वाऱ्याने झुकलेले, ठेंगणे दिसते, आणि त्याच्या ठेंगणेपणात बीचा किती व वाऱ्याचा किती वाटा, हे नुसते पाहून सांगता येत नाही. सड्यावर लागवड करायची असेल, तर कोकणातल्या उंच, सरळ जांभळाच्या मोहात न पडता त्या ठेंगण्याचेच बी घ्यावे.

व्यवहारासाठी एवढे करावे. लागवडीच्या जागेची उंची मोबाइलवर पाहून लिहून ठेवावी, तिची बाजू आणि मातीचा प्रकार नोंदवावा. मग त्याच बाजूच्या डोंगरात, उंचीत वर-खाली दीडशे ते दोनशे मीटरच्या आत, त्या जातीची झाडे शोधावीत. हा पट्टा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही, प्रत्येक जातीवर स्वतंत्र प्रयोग होईपर्यंत वापरायची सावध मर्यादा आहे. अंतरापेक्षा परिस्थितीला महत्त्व द्यावे. चाळीस किलोमीटर दक्षिणेला त्याच उंचीच्या घाटमाथ्यावरचे बी हे दहा किलोमीटर पूर्वेकडच्या कोरड्या उतारावरच्या बीपेक्षा जवळचे समजावे.

पट्टा ठरला की झाडांची संख्या येते, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. एका भरघोस झाडाखाली बसून दोन पोती बी भरणे सोपे असते. त्यातून निघालेली दहा हजार रोपे म्हणजे एकाच आईची भावंडे. पुढे त्यांचा आपसांत संकर झाला की आंतरप्रजननाने वाढ खुंटते, बी वांझ निघते. मलेशियातल्या साबा राज्यात १९६६ नंतर अकेशिया मॅन्जियमच्या लागवडी ऑस्ट्रेलियातल्या मोजक्या झाडांच्या बियांवरून उभ्या राहिल्या, आणि त्याच लागवडीतून बी काढत गेल्यावर पुढच्या पिढ्यांची वाढ घटली. गणित असे आहे: जनुकाचे एखादे रूप त्या वस्तीत शंभरात पाच इतकेच आढळत असेल, तर ते पंच्याण्णव टक्के खात्रीने आपल्या हाती येण्यासाठी एकमेकांशी नाते नसलेली तीस झाडे लागतात. दुष्काळ किंवा नवी कीड आली तर कदाचित असेच विरळ रूप कामी येणार असते. म्हणून पंचवीस-तीस मातृवृक्ष हे लक्ष्य ठेवावे, एकापासून दुसरे किमान पन्नास मीटर, जमल्यास शंभर मीटर दूर, कारण शेजारची झाडे बहुधा नातलग असतात. प्रत्येकाकडून साधारण सारखेच बी घ्यावे. फक्त सुंदर, सरळ झाडे निवडू नयेत. लाकडासाठी ती निवड ठीक आहे, जंगलासाठी नाही. शेताच्या बांधावर एकटे उभे असलेले झाड शक्यतो टाळावे, त्याचे बी बऱ्याचदा स्वतःच्याच परागाचे असते. लवकर, मध्ये आणि उशिरा पिकणाऱ्या अशा तिन्ही झाडांकडून थोडे-थोडे घ्यावे, आणि झाडावरच्या पिकल्या फळांपैकी पाचव्या हिश्श्याहून जास्त उचलू नये. उरलेले पाखरांचे, वटवाघळांचे आणि त्या जंगलाच्या पुढच्या पिढीचे.

देवराईबद्दल थोडे सावध बोलायला हवे, कारण तिच्याविषयी आदर आणि भाबडेपणा दोन्ही आढळतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून त्यांचे मोल सर्वांना ठाऊक आहे. जुनी, न तोडलेली झाडे तिथेच उरली आहेत हे खरे. पण देवराई अनेकदा एक-दोन एकरांची असते आणि तीत एखाद्या जातीची पाच-सहाच झाडे असतात. भोवतालचे जंगल गेले असेल, तर ती झाडे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांतच फळत आली असण्याची शक्यता मोठी. तेव्हा एका देवराईच्या बीवर सगळी लागवड उभारू नये. त्याच उंचीच्या चार-पाच राया शोधाव्यात आणि त्यांचे बी एकत्र करावे. गावाची परवानगी घेतल्याशिवाय देवराईतले पानही उचलू नये, हे वेगळे सांगायला नको. राखीव जंगलात वनखात्याची परवानगी लागते, आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात ग्रामसभेशी बोलावे.

बी घरी आले म्हणजे काम संपत नाही. रोपवाटिकेत वैविध्य गमावण्याच्या वाटा अनेक आहेत आणि त्या सगळ्या नकळत घडतात. जांभळाच्या एका बीतून बऱ्याचदा दोन-तीन कोंब येतात, त्यांतले काही आईच्याच ऊतींपासून तयार झालेले, म्हणजे तिची नक्कल असतात. ते वेगवेगळ्या पिशव्यांत लावून रोपांची संख्या वाढवणे आकर्षक वाटते, पण वैविध्य त्याने वाढत नाही, म्हणून एका बीमागे एकच कोंब ठेवावा. वड, पांगारा यांचे फांद्यांचे खांब रोवणे सोयीचे असते. तेही करावे, पण दहा झाडांच्या फांद्या आणून. एकाच झाडाचे पन्नास खांब म्हणजे पन्नास ठिकाणी तेच झाड. उंबराचे प्रकरण थोडे निराळे आहे, त्याच्या फळात शिरणारी चिलटाएवढी माशी दुरून पराग घेऊन येते, त्यामुळे एका झाडाच्या बियांतही बापांची बरीच विविधता असते, तरी आई एकच राहते. सावकाश उगवलेली आणि लहान राहिलेली रोपे ‘दुबळी’ म्हणून काढून टाकण्याची रीत आहे. चिसलारचा स्प्रूस आठवला तर ही रीत किती घातक हे कळेल, कारण माथ्यावरची सावध रोपे खालच्या उबदार रोपवाटिकेत लहानच दिसणार. रोगट आणि मोडकी तेवढी काढावीत. सगळ्या मातृवृक्षांची रोपे गाडीत भरण्याआधी आपसांत मिसळावीत, नाहीतर एका आईची सगळी भावंडे एकाच उतारावर शेजारी-शेजारी लागतात.

सर्वांत जड आक्षेप हवामानबदलाचा आहे. जिथली हवाच बदलणार, तिथले जुने बी कशाला? कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने २०१८ पासून बियांची निवड जागेच्या जवळिकीऐवजी हवामानाच्या जुळणीवर नेण्यास सुरुवात केली, म्हणजे उबदार भागातले बी थंड भागात मुद्दाम न्यायचे. हा विचार मला पटतो, पण जसाच्या तसा नाही. त्यांच्यापाशी दशकानुदशकांच्या चाचण्यांची माहिती आहे आणि त्यांचा मुख्य अडसर थंडी आहे, जी उतरत चालली आहे. आपला अडसर पाण्याचा आहे, आणि पाऊस कुठे, कधी, किती बदलेल याचा अंदाज तापमानाइतका भरवशाचा नाही. म्हणून पूर्ण बदलापेक्षा मिश्रण बरे. तीन चतुर्थांश बी त्याच पट्ट्यातले घ्यावे आणि उरलेले त्याच बाजूच्या दोन-तीनशे मीटर खालून किंवा थोड्या कोरड्या उतारावरून. वरचे बी खाली नेणे शक्यतो टाळावे, कारण उष्णता वाढते आहे, घटत नाही. या मिश्रणासाठी विदर्भातले किंवा हिमालयातले बी आणण्याचीही गरज नाही. फार दूरच्या वस्त्यांच्या संकरात स्थानिक जुळणी विसकटण्याचा धोका असतो. सह्याद्रीच्या एका उतारावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत जेवढे हवामान आहे, तेवढे पुष्कळ झाले.

एवढे सगळे कोण करणार, हा शेवटचा आणि सर्वांत प्रामाणिक आक्षेप. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात वृक्षलागवडीची उद्दिष्टे दोन कोटींवरून तेहतीस कोटींपर्यंत गेली. अशा आकड्यांपुढे तीस मातृवृक्षांची मोजदाद चैन वाटते. पण गावपातळीवर हिशेब उलटा आहे. पाचशे रोपांच्या लागवडीसाठी तीस झाडांकडून प्रत्येकी पसाभर बी पुरते. खर्च बीचा नसून चालण्याचा आणि लिहून ठेवण्याचा आहे. चालणारे गावात असतातच, गुराखी आणि हिरडा गोळा करणाऱ्या बाया-बाप्यांना कोणते झाड कुठे आहे हे तोंडपाठ असते. त्यांना मजुरी द्यावी आणि झाडागणिक वेगळी पिशवी द्यावी. वहीत चार रकाने पुरे: जात, ठिकाण व उंची, तारीख, किती झाडांवरून. रोपे विकत घेणाऱ्यांनी हेच चार रकाने रोपवाटिकेकडे मागावेत. पहिल्या वर्षी उत्तर मिळणार नाही, पण मागणी आली की दुसऱ्या वर्षी वही सुरू होते.

वेळापत्रक मात्र आधी जुळवावे लागते. जुन्नर-आंबेगावकडे हिरड्याची कोवळी फळेच बाळहिरडा म्हणून तोडली जातात, त्यामुळे पिकले बी हवे असेल तर काही झाडे न तोडता राखून ठेवायला तोडणीच्या आधीच सांगावे लागते आणि त्या झाडांचे नुकसान भरून द्यावे लागते. हिरड्या-बेहड्याची पिकली फळे हिवाळ्यात मिळतात आणि त्यांचे कठीण बी सावकाश रुजते, तेव्हा ती आदल्या हंगामातच हवीत. ऐनाचे बी उन्हाळ्याच्या तोंडाला. जांभळाला मात्र थांबायला वेळ नाही. त्याचे बी वाळले की मरते, म्हणून पावसाच्या आगेमागे फळ पडले की गर धुऊन आठवड्याच्या आत पिशवीत पेरावे. यासाठी पिशव्या आणि माती मे महिन्यातच भरून ठेवाव्यात, आणि कोणती तीस जांभळे हे त्याआधीच, झाडे फुलोऱ्यावर असताना, फिरून नक्की करून ठेवावे.